न केलेल्या नात्याचा घटस्फोट

ठाणे शहराचा कचरा बरीच वर्षे दिव्यात पडत होता. महापालिकेकडे स्वतःची धड कचराभूमी नव्हती, त्यामुळे नौपाड्यातल्या किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या घरांचा कचरा डंपरमधून दिव्याच्या टोकाला जाऊन पडायचा. ढिगाला आग लागली की धूर आसपासच्या वस्तीत शिरायचा. २०२३ साली ही कचराभूमी बंद झाली आणि गाड्या भंडार्लीकडे वळल्या. तिथल्या गावांना त्याचे काय वाटले, हा निराळा विषय. मला यातली एकच बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. कचरा ज्यांचा होता त्या शहराची ओळख ‘तलावांचे शहर’ हीच राहिली आणि ‘डम्पिंग’ हे विशेषण चिकटले दिव्याला. टाकणारा स्वच्छ राहिला, ज्याच्या दारात टाकले तो घाणेरडा ठरला. दुसऱ्याने आपल्याकडे भिरकावलेल्या घाणीने आपण खरोखर मळतो का, हा प्रश्न धर्मशास्त्राने फार पूर्वी विचारला होता. आज तोच प्रश्न अगदी व्यवहारी वेशात दिव्यातल्या दुकानदारापुढे उभा आहे, आणि त्याला उत्तर देण्याचे लोक महिन्याकाठी पैसे घेतात.

तो वेश असा. दिवा पूर्वेला कोणाचा केटरिंगचा धंदा असतो, कोणाचे दहावी-बारावीचे क्लासेस, कोणाचे पेस्ट कंट्रोल. गिऱ्हाईक मोबाईलवर शोधते, म्हणून धंद्याची एक छोटी वेबसाइट केलेली असते. मग एखादी एजन्सी अहवाल पाठवते: तुमच्या साइटकडे अनोळखी ठिकाणांहून शेकडो लिंक येत आहेत, कॅसिनोच्या, बनावट औषधांच्या, कसल्या कसल्या परक्या भाषांतल्या. अहवालात त्यांच्यापुढे लाल शिक्का असतो, ‘टॉक्सिक’. विषारी. साफसफाई केली नाही तर गूगलमध्ये खाली जाल, असे सांगितले जाते. केटररने यातली एकही लिंक मागितलेली नसते, बहुतेक पाहिलेलीही नसते. तरी त्याला अपराध्यासारखे वाटते, आणि तो विचारतो, ‘शुद्ध करायला किती घ्याल?’ हा शब्द त्याच्या तोंडी सहज येतो. ‘साफ’ आणि ‘शुद्ध’ यांतला फरक आपल्या भाषेत पहिल्यापासूनच पुसट आहे.

लिंकला इतके वजन का, हे समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. १९९८ साली सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी शोधयंत्राची जी कल्पना मांडली, तिच्या मुळाशी विद्वानांची जुनी रीत होती. ज्या ग्रंथाचा हवाला पुष्कळ ग्रंथ देतात, तो महत्त्वाचा; आणि हवाला देणारा स्वतः महत्त्वाचा असेल, तर त्याचा हवाला अधिक मोलाचा. पान दुसऱ्या पानाकडे बोट दाखवते म्हणजे त्याची शिफारस करते. शिफारशीला किंमत आली की शिफारशी विकणारे येतातच. तेही आले: हजारो निरर्थक साइट, पैसे देऊन लावलेल्या लिंक, एकमेकांची पाठ खाजवणारी मंडळे. बराच काळ गूगलचा कल अशा लिंक मोजणीतून वगळण्याकडे होता. मग २४ एप्रिल २०१२ रोजी ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला. इंग्रजी शोधांपैकी सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असे गूगलने तेव्हा सांगितले. खोट्या शिफारशींवर वर चढलेली साइट आता थेट खाली ढकलली जाऊ लागली. वाईट लिंक आजवर निरुपयोगी होती, ती आता अपायकारक झाली. शून्याचे ऋण झाले.

हा बदल गणिताचा वाटतो. मला तो धर्मशास्त्राचा वाटतो. महापातके मोजताना स्मृतिकारांनी चार करणाऱ्यांची सांगितली आणि पाचवे त्यांच्या संगतीत राहणाऱ्याचे. हाच संसर्गदोष. मनुस्मृतीत त्याला काही मर्यादा आहेत: पतिताबरोबर प्रवास, बसणे-उठणे, जेवणखाण असे वर्षभर चालले, तर माणूस पतित होतो. म्हणजे एका दिवसाचा स्पर्श पुरत नाही. सातत्य लागते, सहभाग लागतो. पराशरस्मृती याच्या पुष्कळ पुढे जाते. तिचे म्हणणे असे, की कृतयुगात पतिताशी नुसते बोलल्याने माणूस पडे, त्रेतायुगात त्याला शिवल्याने, द्वापारात त्याचे अन्न घेतल्याने. कलियुगात मात्र माणूस पडतो तो स्वतःच्या कर्माने. त्याच ठिकाणी त्यागाचाही क्रम आहे: पूर्वी पाप्यासाठी देश सोडावा लागे, मग गाव, मग कुळ, कलियुगात फक्त करणाऱ्याला सोडावे. युगांची ही कल्पना कोणी शब्दशः मानो न मानो, तिच्यातली दिशा स्पष्ट आहे. समाज गुंतागुंतीचा होत जातो, कोणाचा कोणाला स्पर्श होईल यावर ताबा राहत नाही, तेव्हा दोष स्पर्शावरून उचलून कृतीवर ठेवावा लागतो. कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात लागू न धरण्याच्या गोष्टींच्या, यादीतही संसर्गदोष येतो. निबंधकारांनी यावर बराच काथ्याकूट केला, अपवाद काढले. तरी कल तोच. आपण नेहमी पूर्वजांना जितके कर्मठ समजतो, तितके ते प्रत्येक पानावर नव्हते.

ग्रंथ एक सांगतात आणि गाव दुसरेच करते, हे मात्र मान्य केले पाहिजे. पुण्याचे पंचहौद मिशनचे प्रकरण १८९० च्या ऑक्टोबरमधले. मिशनमधल्या एका कार्यक्रमाला पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी यजमानाचा मान राखण्यापुरता पेला हातात घेतला. हा घाट घालणाऱ्यांत गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे पती. त्यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले. शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशी झाली, प्रायश्चित्ते सांगितली गेली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. या प्रकरणात लोक चहाकडे बघतात. मी यादीकडे बघतो. चहाने कोणाचे काही बिघडले नव्हते. बिघडले ते नावे एका ठिकाणी छापल्यावर. पेला तोंडाला लावणारा आणि नुसता धरणारा यादीत शेजारी शेजारी बसले. जिथे नाव नुसते जोडले गेल्याने माणूस बाटतो, तिथे नाव जोडणे हे हत्यार होते आणि ते कोणालाही चालवता येते. त्याला शास्त्री असावे लागत नाही, एक छापखाना पुरतो.

२०१२ नंतर नेमके हेच घडले. वाईट लिंकने साइट खाली जाते असे कळल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या साइटकडे मुद्दाम घाणेरड्या लिंक सोडण्याचा धंदा निघाला. ‘पैसे द्या, नाहीतर लिंक सोडतो’ अशा धमक्या आल्या. लिंक काढून टाकण्याबद्दल फी मागणाऱ्या साइटही निघाल्या, म्हणजे विटाळ करण्याचे दाम वेगळे आणि सोवळे करण्याचे वेगळे. त्याच वर्षी, १६ ऑक्टोबरला, गूगलने ‘डिसअव्हाव’ नावाचे साधन दिले: ज्या लिंकशी आपला संबंध नाही असे तुम्हाला जाहीर करायचे आहे, त्यांची यादी एका साध्या मजकूर फाईलमध्ये, ओळीला एक याप्रमाणे, लिहून द्या. फाईलला मर्यादा एक लाख ओळींची. मग सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विनची चौथी आवृत्ती आली आणि धोरण मूळ पदावर आले: अशा लिंकमुळे अख्खी साइट खाली ढकलण्याऐवजी त्या लिंकची किंमतच शून्य धरायची. साडेचार वर्षांत एका कंपनीने द्वापारातून कलियुगात प्रवेश केला, असे गमतीने म्हणता येईल. २०२३ मध्ये बिंग या दुसऱ्या शोधयंत्राने तर आपले डिसअव्हावचे साधनच काढून टाकले.

यावर कोणी विचारेल, आणि हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो: चांगल्या साइटने बोट दाखवल्याने माझी पत वाढते, तीही मी कमावलेली नसते. मोठ्या दैनिकाने माझ्या क्लासेसची लिंक दिली तर तो लाभ मी हसत घेतो. मग वाईट साइटच्या बोटाने पत घटली तर तक्रार का? दुसऱ्याच्या कृतीचे पुण्य चालते आणि पाप चालत नाही, हा कुठला न्याय? याचे उत्तर न्यायदर्शनातच सापडते. नैयायिकांनी शब्द हे प्रमाण मानले, पण कोणाचाही शब्द नव्हे. आप्ताचा, म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो खरे सांगू इच्छितो त्याचा. आता अनाप्ताचा शब्द घ्या. थापाड्या म्हणाला की अमुक केटररचे जेवण उत्तम आहे, तर जेवण उत्तम आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही; पण जेवण वाईट आहे हेही सिद्ध होत नाही. त्याच्या बोलण्यातून मला काहीच ज्ञान मिळत नाही. आप्ताचे वचन धन, अनाप्ताचे शून्य. ऋण होण्यासाठी निराळा पुरावा लागतो: थापाड्याला बोलायला त्या केटररनेच पाठवले होते, याचा. त्यामुळे लाभ आणि हानी यांत इथे तोल नाही आणि नसावाच. शिफारस हा पुरावा आहे. पुराव्याची किंमत साक्षीदारावर ठरते, ज्याच्याविषयी साक्ष दिली त्याच्या नशिबावर नाही.

दुसरा आक्षेप संगतीचा. सत्संगाचे गोडवे गाणाऱ्या, कुसंगाने माणूस बिघडतो असे बजावणाऱ्या आपल्या परंपरेत हे कसे बसवायचे? नीट बसते. संगत ही दोन बाजूंची असते, निवडलेली असते, टिकवलेली असते. बॅकलिंक एकतर्फी आहे: दूर कोणी तुमचे नाव घेत बसला आहे आणि तुम्हाला पत्ताही नाही. दिवा जंक्शन आहे. वसईची गाडी येते, पनवेलची येते. कोण उतरणार हे फलाट ठरवत नाही. वेबसाइटची खरी संगत शोधायची तर उलट दिशेने बघावे, ती स्वतः कोणाकडे बोट दाखवते तिकडे. बाहेर जाणारी लिंक ही आपली कृती. तिथे पैसे घेऊन जुगाराच्या साइटला जागा दिली असेल, तर तो आपला सहवास आहे आणि वर्षही लागत नाही. २००५ पासून लिंकवर ‘नोफॉलो’ अशी खूण करता येते, म्हणजे ‘उल्लेख करतो, शिफारस करत नाही’. भाषेत जे आपण आवाजाच्या चढउताराने सांगतो, ते यंत्राला सांगण्याची ही सोय. तिची आठवण फार थोड्यांना असते, कारण आपण कोणाला बाटवतो याची चिंता कोणाला नसते. आपल्याला कोण बाटवते याचीच असते.

आता डिसअव्हावकडे. मराठीत त्यासाठी चपखल शब्द आहे, फक्त त्याचा अर्थ बदलून गेला: घटस्फोट. आज आपण तो नवराबायकोच्या फारकतीला वापरतो. धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे पतिताला कुळातून तोडण्याचा विधी. सपिंड आणि बांधव जमत, दासीकडून पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडवला जाई आणि तो माणूस जिवंतपणीच त्यांच्यापुरता मेलेला ठरे. प्रायश्चित्त करून आला, तर नव्या घड्याने त्याला परत घेण्याचा विधीही होता. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की घडा फोडण्याचा अधिकार आणि गरज आप्तस्वकीयांनाच. रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी कोणी घडा फोडत नाही. फोडलाच, तर बघणारा म्हणेल, म्हणजे याचे त्याच्याशी नाते होते म्हणायचे! न मागितलेल्या लिंकची लांबलचक यादी करून देणारा दुकानदार हेच करतो. न केलेल्या नात्याचा तो घटस्फोट मागतो. त्यासाठी पैसेही देतो. आणि लिंक जिथल्या तिथे राहते. डिसअव्हावने ती पुसली जात नाही, फक्त गूगलला ‘ही धरू नका’ असे कळवले जाते.

यावर व्यवहारी माणूस चिडून म्हणेल, तत्त्वज्ञान तुमच्यापाशी ठेवा. दिव्यातल्या माणसाचे पोट त्या साइटवर आहे, यंत्र चुकले तर? दोष नसताना शिक्षा होते हे दिवेकरांना वेगळे सांगायला नको. म्हणून खबरदारी म्हणून यादी पाठवली, तर बिघडले काय? रानड्यांचीही बाजू काहीशी अशीच मांडली जाते: चूक वाटत नसली, तरी घरचे आणि मित्र यांना त्रास नको. आक्षेप खरा आहे. पण खबरदारी म्हणजे आधी पाहणे. साइटच्या मालकाला गूगलचे सर्च कन्सोल फुकट मिळते. त्यात ‘मॅन्युअल ॲक्शन’ नावाची जागा आहे. माणसाने तपासून अनैसर्गिक लिंकबद्दल कारवाई केली असेल, तर ती तिथे लिहिलेली असते. तिथे काही नसेल आणि आपण लिंक विकत घेतलेल्या नसतील, तर बहुसंख्य साइटना या साधनाची गरज पडत नाही, असे गूगलच्याच मदतपानावर म्हटले आहे. ‘टॉक्सिक’ हा शिक्का आणि त्याचे गुण गूगलचे नसतात. साधने विकणाऱ्या कंपन्यांचे असतात. आणि यादी पाठवण्यात बिघडते ते असे, की शिक्का मारणारे यंत्र अनोळखी, लहान, कमी वर्दळीच्या साइटला पटकन संशयित धरते. गणेशोत्सव मंडळाची जुनाट साइट, तालुक्याचे छोटे वृत्तपोर्टल, व्यापाऱ्यांची स्थानिक सूची, गावच्या देवस्थानाचे पान: यांतल्या एखाद्याने केटररचे नाव मनापासून घेतलेले असते आणि तेच यादीत जाते. सोवळ्याची मोजपट्टी कधीही श्रीमंताच्या अंगावर पहिली पडत नाही. चांगली शिफारस आपल्याच हाताने खोडली जाते, आणि ती परत मिळवायला पुन्हा आठवडे जातात.

खरी साफसफाई वेगळ्या ठिकाणी आहे आणि तिथे मी कोणतीही सूट द्यायला तयार नाही. दिव्याच्या खाडीकाठी दोन प्रकारचे कचरे ओळखता येतात. एक महापालिकेने आणून टाकलेला. दुसरा तिवरांच्या जागी भराव घालण्यासाठी कोणी बोलावून घेतलेल्या राडारोड्याच्या डंपरमधला. दुसरा कचरा बोलावणाऱ्याचा आहे, मग तो डंपर त्याने स्वतः चालवलेला नसला तरी. ‘लिंक एजन्सीने लावल्या, आम्हाला कल्पना नव्हती’ हे म्हणणे इथे टिकत नाही. २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीचे असेच प्रकरण छापले; हजारो असंबद्ध साइटवरून तिच्याकडे लिंक होत्या, कंपनीने आपण त्या लावायला सांगितल्या नसल्याचे म्हटले, आणि गूगलने तिला खाली टाकलेच. मुखत्याराने केलेला व्यवहार मालकाचा, हे आपल्या सातबाऱ्याच्या भांडणांतूनही पक्के झालेले आहे. माहीत नव्हते म्हणणाऱ्यासाठी स्मृतींनी अजाणता घडलेल्या दोषाला सौम्य प्रायश्चित्त ठेवले. दोषच नाही असे मात्र म्हटले नाही. तसेच घराच्या आत झालेल्या घाणीचे. साइटचे कुलूप जुने राहिले, कोणी आत शिरून जुगाराची लपलेली पाने करून ठेवली आणि त्या पानांकडे बाहेरून लिंक येऊ लागल्या, तर बाहेरच्यांची यादी करून काही होत नाही. आधी पाने काढायची, दार दुरुस्त करायचे.

लिंक विकत घेतलेल्या असतील, तर रीत ठरलेली आणि कंटाळवाणी आहे. सर्च कन्सोलमधून येणाऱ्या लिंकची यादी उतरवायची. पैशाच्या, देवघेवीच्या, एजन्सीच्या कोणत्या, ते जुन्या पावत्या काढून ठरवायचे. त्या त्या साइटला पत्र लिहून त्या काढायला सांगायचे, उत्तरे जपून ठेवायची. दाद लागत नाही अशा उरलेल्यांपुरते डिसअव्हाव वापरायचे. एकेका पानाऐवजी संपूर्ण डोमेन लिहिले, तर काम उरकते. कारवाई झालेली असेल, तर शेवटी पुनर्विचाराचा अर्ज, ज्यात काय केले होते आणि काय दुरुस्त केले ते सरळ लिहायचे असते. हा अर्ज माणूस वाचतो.

डिसअव्हावची फाईल मात्र यंत्र वाचते. तिच्यात हॅश चिन्हाने सुरू होणारी ओळ टिपणासाठी असते. साधन नवे होते तेव्हा लोक या ओळींत बरेच काही लिहीत: या साइटला तीनदा पत्र पाठवले, या माणसाला आम्ही ओळखत नाही, हे आमच्या आधीच्या मालकाच्या काळातले. गूगलचे मदतपान सांगते, की हॅशने सुरू होणाऱ्या ओळी सोडून दिल्या जातात.